खळं

मावशी, त्या सोमवारी मी तुझ्यावर चिडले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

सकाळी लॅबमध्ये आले तर सिंकमध्ये शुक्रवारच्या काचेच्या प्लेटा तशाच पडलेल्या. फडकं वाळून कडक झालेलं, ऑटोक्लेव्ह थंडगार. तीन नमुने दुपारच्या आत लावायचे होते आणि धुतलेली एक प्लेट हाताशी नव्हती. ओढणी खोचून मी स्वतःच घासायला बसले आणि घासता घासता तुझ्या नावानं बोटं मोडत राहिले. मावशीनं खाडा मारला, निदान फोन तरी करायचा, आता हिला एकदा नीट सांगायला हवं. दोन प्लेटा माझ्या हातून फुटल्या, त्याचंही खापर तुझ्याच माथ्यावर फोडलं. अकराच्या सुमाराला साहेब दारात आले आणि म्हणाले, "मॅडम, दांडी गावातून फोन होता. हिराबाई गेली."

मी विचारलं, "कुठे गेली?"

खरंच विचारलं, मावशी. मला वाटलं, कुणाच्या हळदीला गेली असशील, नाहीतर माहीमला बहिणीकडे. नळ चालूच होता आणि माझ्या हातांना कोपरापर्यंत फेस होता.

आज तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. मी आले होते तेराव्याला. तुझ्या फोटोसमोर बसले, पान वाढलं तशी जेवले, तुझ्या सुनेच्या, अलकाच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. मला मात्र सगळा वेळ एकच गोष्ट आठवायची होती आणि ती आठवत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ओव्याच्या तेलाची कुपी तुझ्या हातात ठेवताना मी तुला "उद्या बरं वाटलं नाही तर सरळ दवाखान्यात जा" असं म्हटलं होतं का? एवढंच मला हवंय. बाकी काही नको. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं.

बारा वर्षं आपण एका ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. कंपनी लहानच, झाडापाल्याची तेलं काढणारी. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा. बोईसरच्या त्या सगळ्या धुराड्यांमध्ये आपल्याच गेटाशी तेवढा फोडणीसारखा वास यायचा आणि तू म्हणायचीस, "आपली कंपनी नाय, आपलं सैपाकघर हाय." माझं काम ती तेलं जिवाणूंवर लावून बघायचं. तुझं काम काच धुवायची, कागदात गुंडाळायची आणि ती वाफेवर निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचा. त्याला तू कुकर म्हणायचीस. मी पदवी घेऊन कराडकडून आलेली, सालवडला भाड्याच्या खोलीत नवा संसार मांडलेली, सुक्या बोंबलाच्या वासानं नाकाला रुमाल लावणारी. पहिल्याच दिवशी मी "हिराबाई, तुम्ही जरा" असं काहीतरी सुरू केलं तर तू ब्रश खाली ठेवलास. "मावशी म्हन. नि मावशीला कोन तुमी म्हनतं का? वरून पडलीस काय गो?" तेव्हापासून तू "तू" झालीस. माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस, मी कायम "बाय".

पहिले सहा महिने तू मला हात धुवायला शिकवलंस. मला, जिनं त्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. "त्या घानीत हात घालतेस नि तसाच डबा उघडतेस? आतून धू. नखातून धू." जिवाणू वाढवलेला रस्सा टाकून देण्याआधी उकळला की नुसत्या वासावरून सांगायचीस आज कोणता वाढवलाय ते. ई. कोलायला तू "ते मेलं हगरं" म्हणायचीस. साल्मोनेलाचं नाव तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही, तिला तू "सलमा" करून टाकलंस. आजही लॅबमधल्या वहीत एका पानावर माझ्याच अक्षरात "सलमा, दुसरी खेप" असं लिहिलेलं आहे.

खळं हे नावही तुझंच. मला तो दिवस स्वच्छ आठवतो. प्लेटवर जिवाणू पसरायचे, मध्ये तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची, मग प्लेट ऊबेच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी सगळीभर पांढुरकी साय धरलेली असते, पण तेल चांगलं असेल तर टिकलीच्या भोवतीनं एक नितळ गोल जागा राहते. तिथं काही उगवत नाही. पुस्तकात त्या जागेला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. लवंगेच्या तेलाची प्लेट मी खिडकीच्या उजेडात धरली होती आणि तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस. "खलं पडलंय की गो! चांदाला पडतं तसं." तुझ्या तोंडात ते खलं, आम्ही वहीत त्याचं खळं केलं. आठ दिवसांत अख्ख्या कंपनीत तोच शब्द. आपला उत्तरेकडचा केमिस्टसुद्धा दारातून डोकावून विचारायचा, "मॅडम, आज खला कितना आया?" आणि तू मागून हात फाकवून दाखवायचीस, केवढं ते.

त्याच दिवशी कागद गुंडाळता गुंडाळता तू मला सांगितलं होतंस की तुमच्या दांडीला चांदाला खळं दिसलं की बापेमाणसं होडी काढत नाहीत. तुझा नवरा एकदा ते न जुमानता गेला होता आणि परतला तेव्हा होडी नव्हती, तो एका ड्रमला धरून आला होता. "खलं दिसायला बेस असतं. पन ते बगून घराभाईर जायचं नसतं." मी हसले होते. मला तेव्हा फक्त शब्द आवडला होता. त्या शब्दाबरोबर तू दुसरं काय माझ्या हातात देत होतीस ते मी बघितलंच नाही.

मावशी, आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. गेल्या पावसाळ्याच्या आधीचं. ओव्याच्या तेलाचा मोठा माल जाणार होता, कुणीतरी त्याचे पोटाचे थेंब करून विकणार होतं, आणि मी अहवाल तयार करत होते. ई. कोलायवर खळं मोठं, सलमावर त्याहून मोठं. सगळं इंग्रजीत. तू ओटा पुसत आलीस आणि म्हणालीस, काय लिवलंस ते मराठीत वाच. मी वाचलं. पोटातल्या घातक जिवाणूंवर या तेलाचा चांगला परिणाम दिसून आला. तुझे डोळे चमकले. "म्हंजे आमची आजी ओवा चावायला द्यायची ते खरंच."

"खरं आणि नाही पण," मी म्हटलं. मला शिकवायची भारी हौस. प्लेट म्हणजे पोट नव्हे, असं सुरू केलं. प्लेटवर तेल आणि जिवाणू समोरासमोर असतात. पोटात तेल खाली आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच बरंचसं वरच्या वर रक्तात शोषलं जातं. मारण्याइतकं पोचवायचं तर एवढं प्यावं लागेल की आतून सोलून निघेल. आणि आतड्यात चांगले जिवाणूही असतात, आपल्याच कामाचे.

"चांगलं कोन नि वाईट कोन, ते तेलाला कोन सांगनार?" तू म्हणालीस. मी टाळीच वाजवली. माझा अर्ध्या तासाचा पाठ तू एका वाक्यात संपवला होतास.

मग तू कागदावर बोट ठेवलंस. खाली शेऱ्याचा चौकोन होता. "हितं काय लिवलंस?"

"निल."

"नील? कपड्याला घालतात ती?"

मी हसत सुटले. म्हटलं, निल म्हणजे काही नाही. काही सांगण्यासारखं नाही.

तू हसली नाहीस. "आता एवडी वटवट केलीस माज्याशी. पोट म्हंजे ताटली नाय, आतून सोलून निगेल. ते सगलं हितं का नाय लिवत?"

मी म्हटलं, तिथं तसं लिहायचं नसतं. आपण प्लेटवर दिसलं तेवढं सांगायचं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. तू विचारलंस, "वाचनाऱ्याला कसं कलनार?" साहेबांनी हाक मारली आणि मी सही करून कागद घेऊन गेले. ते बोलणं तिथंच राहिलं. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, मीही नाही. मला वाटलं मी जिंकले.

आता तो शुक्रवार. माझं डोकं त्या दिवशी कामानं भणभणलेलं होतं. तू सकाळी एक बाटली आणलीस, आपलीच, चांगली उकळून निर्जंतुक केलेली, वर कागदाची टोपी दोऱ्यानं बांधलेली, अगदी मी शिकवली तशी. नाही, तूच मला शिकवली होतीस तशी. "बाय, परसातल्या इहिरीचं पानी हाय. गेल्या पावसापासून वास मारतंय. जरा ताटलीवर घाल ना." मी म्हटलं, सोमवारी बघू. बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. पंधरा मिनिटांचं काम होतं, मावशी. प्लेट तयार होती, ऊबेची पेटी चालू होती. शनिवारी सकाळी त्या प्लेटवर काय उगवलंय ते मला दिसलं असतं आणि मी फोन केला असता. मी सोमवारी बघू म्हटलं.

संध्याकाळी पाचला तू हात पुसत आलीस. चेहरा उतरला होता, तेही मी बघितलं होतं. "पोटात गुडगुडतंय सकालपासून. दोनदा जाऊन आले. ते वव्याचं दे ना जरा." माझ्यासमोर नमुन्याची कुपी होती, निम्मी उरलेली. मी तुझ्या हातात दिली. "साखरेवर एक थेंब," मी म्हटलं. हे मी म्हटलं, याबद्दल शंका नाही, कारण तू "एकच? कंजूस!" असं म्हणाली होतीस. त्यानंतर मी काय म्हटलं? मी पर्स उचलली, चपला घातल्या, माझी रिक्षा उभी होती. त्या दोन मिनिटांत मी ते वाक्य म्हटलं असेन. म्हणते मी नेहमी. पण त्या दिवशीचं माझं तोंड मला आठवत नाही. कधी वाटतं, रिक्षात पाय ठेवताना मागे वळून ओरडले होते. मग वाटतं, हे मी आता बनवतेय, स्वतःला वाचवायला.

शनिवार-रविवारचं अलकानं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, किंवा मला तसं वाटलं. शनिवारी सकाळपर्यंत तू सात-आठ वेळा जाऊन आली होतीस. अलका म्हणाली रिक्षा बोलावते, तू म्हणालीस कशाला. तिनं मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. दोन घोट घेतलेस आणि उलटी झाली. मग तू पेला बाजूला सारलास आणि कुपी मागितलीस.

"मी म्हटलं, आई, पानी तरी पी," अलका सांगत होती. "तर म्हने, पानी राहत नाय पोटात. आदी जंतू मरूदे, मग पिते. म्हने, बायनं दिलंय. मी सोता बगितलंय, केवडं खलं पडतं ते. वांती झाली की परत दोन थेंब. रविवारी चमच्यानं घेतलंन. तोंडातून सगली आग आग म्हनत होती, तरी घेत होती."

मी विचारलं, "मी दवाखान्यात जायला सांगितलंय, असं काही म्हणाली का?"

बिचारीनं खरंच आठवून बघितलं. "नाय ताई. तसं काय नाय बोलली."

रविवारी दुपारनंतर तू बोलायची बंद झालीस. डोळे आत गेले होते, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. तेव्हा कुठे अलकानं शेजारच्यांना बोलावून रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलंय, मूत्रपिंडं बसली. सलाईन लावली. सोमवारी सकाळी सातला तू गेलीस. तेलानं काही केलं का, असं मी नंतर जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही, पण वेळ घालवला. दोन दिवस मिळाले असते तर साधी केस होती. साधी म्हणाले.

मी तिथून बाहेर येऊन बाकड्यावर बसले, मावशी, आणि तेव्हा मला माझी मुलगी आठवली. ती दोन वर्षांची होती आणि तिला जुलाबानं असंच धरलं होतं. नवरा बाहेरगावी, मी एकटी, घाबरून गेलेली. तिच्या लंगोटातला नमुना घेऊन लॅबमध्ये पळायच्या बेतात होते, कोणता जिवाणू आहे ते बघायला. वेडी नुसती. माझा फोन गेला तशी तू दांडीहून दोन रिक्षा बदलून सालवडला आलीस आणि दारातूनच माझ्या हातातली नमुन्याची नळी काढून घेतलीस. "जंतू कोनता ते मग बग. आदी पोर भिजव." दिवसभर तू तिला मांडीवर घेऊन बसलीस. चमचाभर मीठ-साखरेचं पाणी, मग थांबायचं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. "पोट फेकतं म्हनून आपन थांबायचं नाय. त्याला दमवायचं. थोडं थोडं घालत राह्यचं." मी मध्येच लवंगेच्या तेलाबद्दल काहीतरी म्हणाले तर माझ्यावर डोळे वटारलेस. संध्याकाळी पोरगी रडली तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणालीस, "बग, आली ओल." दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिला बोईसरला डॉक्टरकडे नेली. ते म्हणाले, हिला कुणी पाजलं? अर्धं काम झालंय.

आज ती सहावीत आहे. तुझ्या तेराव्याला माझ्या शेजारी बसली होती, तिला यातलं काही माहीत नाही.

म्हणजे तुला येत होतं. हेच मला सहन होत नाही. तुला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, बोटांत होतं तुझ्या. चमचाभर पाणी, थांबायचं, पुन्हा चमचा. पाणी आधी, जंतू मग. हा क्रम दांडीतल्या कुठल्या तरी म्हातारीनं तुला दिला होता आणि तू तो आयुष्यभर सांभाळलास. आणि मी बारा वर्षं दर आठवड्याला उजेडात प्लेट धरून, मावशी बघ, केवढं खळं, केवढं खळं, असं करत तो उलटा करून टाकला. आदी जंतू मरूदे, मग पिते. ही तुझी भाषा नाही. ही माझी आहे. माझं अर्धवट वाक्य तू पूर्ण केलंस, मावशी, आणि ते मी तसं सोडलं म्हणून केलंस. तुला माझी सही तेवढी वाचता यायची त्या कागदावर. बाकीचं इंग्रजी होतं आणि जे सांगायचं होतं त्या चौकोनात निल लिहिलेलं होतं.

लोक म्हणतात, नशीब. नवरा म्हणतो, तू तर एकच थेंब सांगितला होतास. साहेब म्हणाले, मॅडम, हे कुणाला बोलू नका, विनाकारण चर्चा होते. सगळे मला सोडवायला बघतात. तू असतीस तर सोडवलं नसतंस. "लिव म्हटलं होतं ना," एवढंच म्हणाली असतीस आणि प्लेटा घासायला लागली असतीस. मला तेच हवंय. ते ऐकायला मिळत नाही, म्हणून हे सगळं लिहीत बसलेय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझी बाटली फ्रीजमधून काढली. कागदाची टोपी तशीच, दोऱ्याला तुझी ती दुहेरी गाठ. नियमानं तो नमुना कधीच बाद झाला होता, पाणी एका दिवसाच्या आत लावायचं असतं. तरी लावलं. गाठ बोटांनी सोडवली, कापावी लागली असती तर मला ते जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर मोजायला जागा नव्हती. तुझ्या विहिरीत तेच होतं, तुझं हगरं. तुला नेमकं त्यानंच धरलं की आणखी कशानं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि आता सांगून उपयोग काय. अलकाला मात्र लगेच फोन केला, विहिरीला झाकण घाल, थेंब पिऊ नकोस. ती म्हणाली, "आईचं पानी तपासलंत काय ताई?" मी हो म्हटलं. हो म्हणायला मला सतरा दिवस लागले.

मग मी एक काम केलं. का केलं ते विचारू नकोस. त्या प्लेटवरचा एक ठिपका उचलला, वाढवला आणि दोन नव्या प्लेटांवर पसरला. एकीवर ओव्याच्या तेलाची टिकली ठेवली, त्याच मालातलं तेल, तुझ्या कुपीत होतं तेच. दुसरी कोरी. ती कोरी प्लेट नेहमीच लागते ताडून बघायला, आणि तुला नेहमी तिची दया यायची. "हिला बिचारीला काय दिलं नाय?" असं तू दर वेळी म्हणायचीस, बारा वर्षं, एकदाही न चुकता. दोन्ही ऊबेत ठेवल्या आणि घरी आले. जेवले नाही.

आज सकाळी पेटीचं दार उघडलं. कोऱ्या प्लेटवर कडेपर्यंत साय. आणि दुसरीवर, मावशी, असलं खळं मी आजवर बघितलेलं नाही. नितळ, गोल, काठ आखून घेतल्यासारखे. खिडकीपाशी नेलं आणि सवयीनं खांदा जरा खाली केला, तुला वाकून बघता यावं म्हणून. तुझ्या विहिरीतलं ते मेलं तेलापुढे एका रात्रीत संपलं होतं. प्लेटवर तू वाचली होतीस. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. नवीन बाई प्लेटा धूत होती, ती घाबरून बाहेर निघून गेली.

नंतर मी अहवालाचा कोरा कागद घेतला. कुणी मागितलेला नाही, कुणाला जायचा नाही. नमुना, तेल, जिवाणू, सगळं इंग्रजीत भरलं. खळ्याचं माप पट्टीनं घेतलं, कारण तेवढंच मला नीट येतं. मग खालच्या चौकोनाशी आले. तुला चौथीपर्यंतचं वाचता यायचं, जोडाक्षरांशी अडायचीस, म्हणून सोपे शब्द घेतले. मराठीत लिहिलं, ठळक, चौकोनाच्या बाहेर गेलं तरी थांबले नाही.

शेरा: आदी भिजवा. मग दवाखाना. तेल राहू दे.

खाली सही केली.